सॉफ्टशेलची पँट खानदेशात किती टिकते?

डोंगरात घालायच्या सॉफ्टशेल पँटच्या चिठ्ठीवर बहुधा बर्फाचे शिखर छापलेले असते. ते कापड कोणत्या हवेसाठी बेतले आहे, हे त्या चित्रावरूनच कळते. आपण मात्र ती पँट घालून धुळ्याजवळच्या लळिंगच्या कुरणातून जातो, साक्री तालुक्यातल्या भामेरच्या काळ्या कातळाला अंग घासतो, चाळीसगावजवळच्या पाटणादेवीच्या रानात काट्यांतून वाट काढतो आणि घरी येऊन ती बोअरच्या पाण्यात धुऊन गच्चीवर वाळत घालतो. असला प्रवास चिठ्ठी छापणाऱ्याच्या ध्यानीमनीही नसतो.

म्हणून "ही किती वर्षे जाईल?" असे दुकानदाराला विचारून फारसे हाती लागत नाही. प्रस्तरारोहण करणाऱ्यांना वाटते की कापड कातळाने फाटते. काही अंशी ते खरेच आहे. पण आपल्या भागात कापडाचे आयुष्य खाणाऱ्या गोष्टी वेगळ्या आहेत: कुसळ, ऊन आणि चुकीचे धुणे. कातळाचा नंबर त्यांच्यानंतर लागतो. तेव्हा खरेदीपासून निकालात काढण्यापर्यंत क्रमाने पाहू.

आधी हे कापड असते काय ते. सॉफ्टशेल म्हणजे दाट विणीचे, थोडे ताणले जाणारे, वारा बराचसा अडवणारे आणि तरीही घामाची वाफ बाहेर जाऊ देणारे कापड. ते हलकी भुरभुर झटकून टाकते, पण मुसळधार पाऊस रोखत नाही. पाणी पूर्ण रोखणाऱ्या, रेनकोटच्या जातीच्या कापडाला हार्डशेल म्हणतात. पहिली चूक इथेच होते. सॉफ्टशेलला रेनकोट समजून आपण श्रावणात साल्हेरला नेतो, भिजतो आणि कापडाला नावे ठेवतो.

दाट विणून वारा अडवायचा ही युक्ती जुनी आहे. दुसऱ्या महायुद्धात इंग्लंडमध्ये वैमानिकांसाठी व्हेंटाइल नावाचे कापड तयार झाले. ते निव्वळ सुती होते. पाणी लागले की त्याचे धागे फुगत आणि विणीतल्या फटी बुजत. पुढे गिर्यारोहकांनीही ते वापरले. त्याला लांब तंतूचा कापूस लागतो. आपला खानदेशचा जुना कापूस आखूड तंतूचा, त्यामुळे आपल्या मातीतून ते कापड निघणे नव्हते. आजच्या सॉफ्टशेलचे दोन घटक अमेरिकेतल्या ड्यूपाँट कंपनीत जन्मले. १९३५ मध्ये वॉलेस कॅरोदर्स यांनी नायलॉन तयार केले आणि १९५८ मध्ये जोसेफ शिव्हर्स यांनी इलॅस्टेन, म्हणजे रबरासारखा ताणला जाणारा कृत्रिम धागा. बाजारात त्यालाच स्पँडेक्स किंवा लायक्रा म्हणतात.

आता वीण. मागावर उभा धागा तो ताणा आणि आडवा तो बाणा, हे आपल्याकडे सांगावे लागू नये. अमळनेरच्या प्रताप मिलने आणि जळगावच्या खानदेश मिलने इथल्या कित्येक पिढ्यांना ते दाखवले आहे. सॉफ्टशेलमध्ये इलॅस्टेनचा बारीक धागा बहुतेक वेळा उघडा नसतो. त्याच्याभोवती नायलॉन किंवा पॉलिएस्टर गुंडाळलेले असते. ताण द्यायचे काम आतला धागा करतो आणि घर्षण सोसायचे काम बाहेरचा. बाहेरचे आवरण झिजले की आतला धागा उघडा पडतो, तुटतो आणि कापड ढिले पडते. टिकाऊपणाची पुढची सगळी चर्चा या एका रचनेभोवती फिरते.

खरेदीला गेल्यावर कापडाच्या आतल्या बाजूची छोटी पट्टी वाचा. तिच्यावर टक्केवारी असते. बाहेरचा धागा नायलॉनचा असेल तर घासण्याला तो पॉलिएस्टरपेक्षा चांगला टिकतो. उन्हाला मात्र पॉलिएस्टर सरस. कातळावर चढणाऱ्याने नायलॉन घ्यावे आणि उन्हाळ्यात नुसते चालणाऱ्याने पॉलिएस्टर घेतले तरी चालेल, असे माझे मत आहे. इलॅस्टेन पाच ते दहा टक्के पुरते. पंधराच्या पुढे गेले तर पँट दुकानात फार आरामशीर वाटते, पण तिला लवकर ढिली करणारा धागाही तोच असतो.

दुसरा आकडा वजनाचा. एक चौरस मीटर कापडाचे वजन ग्रॅममध्ये सांगतात, त्याला जीएसएम म्हणतात. दीडशेच्या आसपासचे कापड हलके, दोनशे ते अडीचशेचे मध्यम आणि तीनशेच्या जवळचे जड. कधी डेनियर हा आकडाही दिसतो. नऊ हजार मीटर धाग्याचे जितके ग्रॅम वजन तितके त्याचे डेनियर. आकडा मोठा तर धागा जाड. जाड धाग्याचे कापड खरचटणे जास्त सोसते, पण उकडतेही जास्त.

बाजारात सॉफ्टशेल या एकाच नावाखाली दोन निराळ्या वस्तू विकल्या जातात, याकडे दुकानात कोणी लक्ष वेधत नाही. एक विणीचे कापड, ज्याबद्दल आपण बोलतो आहोत. दुसरे चिकटवलेले: बाहेर पॉलिएस्टर, मध्ये प्लॅस्टिकसारखा पातळ पडदा आणि आत लोकरीसारखी उबदार बाजू, असे तीन थर एकमेकांना डकवलेले. स्वस्त जाकिटे बहुतेक या दुसऱ्या प्रकारची असतात. दिसायला ती जास्त दणकट, हाताला जास्त भारी. आपल्या हवेत ती आधी मरतात. पडदा पॉलियुरेथेन या प्लॅस्टिकचा असतो आणि उष्ण, दमट हवेत त्या प्लॅस्टिकची रासायनिक मोडतोड होते. कपाटात नुसते ठेवलेले जाकीटही काही पावसाळ्यांनंतर आतून सोलू लागते, पापुद्रे निघतात, आणि त्याला दुरुस्ती नाही. कोणता प्रकार आहे हे ओळखायला बाही चिमटीत धरून थर एकमेकांवर सरकवून पाहा. आत चुरचुरणारा, कागदासारखा थर जाणवला तर ते चिकटवलेले कापड.

दुकानातच आणखी दोन गोष्टी करता येतात. कापड दिव्यासमोर धरा. उजेड ठिपक्याठिपक्यांनी येत असेल तर वीण विरळ आहे. मग गुडघ्याची जागा दोन्ही हातांनी जोरात ताणून सोडा. ती लगेच पूर्ववत झाली पाहिजे. दुकानातच फुगा राहत असेल तर गडावर काय होईल ते सांगायला नको.

मापाचे मात्र नीट पाहा. आपल्याकडे ताणणारी पँट म्हणून एक माप लहान घेतात, आणि मग कापड शाबूत राहून शिवण उसवते. उभे राहून एक पाय खुर्चीवर ठेवा, मग उकिडवे बसा. मांड्यांच्या मध्ये वेगळा चौकोनी जोडतुकडा असेल तर शिवणीवरचा ताण वाटला जातो. एकाच बिंदूवर चार शिवणी येऊन मिळत असतील तर उसवायला सुरुवात तिथूनच होते.

कापड आणले, आता ते डोंगरावर न्यायचे. ते सगळीकडे सारखे झिजत नाही. बसण्याची जागा, गुडघे, मांड्यांची आतली बाजू आणि घोट्याची आतली कड, या चार ठिकाणी झीज एकवटते. जाकिटाचे खांदे सॅकच्या पट्ट्यांनी आणि कंबर हार्नेसने, म्हणजे दोराला बांधून घ्यायच्या कमरपट्ट्याने, झिजते. कारखान्यात मार्टिन्डेल नावाची चाचणी करतात. इंग्लंडमध्ये १९४२ मध्ये निघालेल्या या पद्धतीत ठरावीक दाबाखाली कापडाचा तुकडा लोकरीच्या कापडावर हजारो वेळा घासतात. त्यातून सपाट घर्षण कळते. काट्याने ओढला जाणारा धागा किंवा दगडाच्या धारेवरची ओरखड त्यात येत नाही. तेव्हा हा आकडा कुठे वाचायला मिळाला तरी त्यावर भाळू नका.

आपला दगड बेसाल्ट. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचे हे थर. लाव्ह्यात अडकलेल्या वायूंचे फुगे दगडात पोकळ्या म्हणून राहिले आणि पुढे त्यांत झिओलाइट आणि त्यांच्या सोबतची खनिजे वाढली. जळगाव जिल्ह्यातल्या खाणींतून निघणारे स्टिल्बाइट आणि अपोफिलाइटचे स्फटिक जगभरचे खनिजसंग्राहक जपून ठेवतात, ते हेच. संग्राहकाला जे सुंदर वाटते ते आपल्या पँटला कानशीसारखे लागते. गुळगुळीत काळ्या कातळावर कापड सरकून जाते. भोकाभोकांच्या, स्फटिकांनी भरलेल्या कातळावर ते खरवडले जाते.

त्याहून वाईट म्हणजे घसारा, म्हणजे सुट्या मुरमाची आणि बारीक दगडांची उतरण. चढताना काही होत नाही. उतरताना पाय सटकतो, आपण बूड टेकवतो आणि सरपटत खाली येतो. कित्येक पँटी कातळटप्प्यावर शाबूत राहून परतीच्या अर्ध्या तासात संपतात. उपाय कापडात नाही, पायांत आहे: घसाऱ्यावर दगडाकडे तोंड करून उतरा किंवा काठी वापरा. फारच बसावे लागणार असेल तर जुन्या जीन्सचा तुकडा बुडाला बांधा. कोणी हसले तर हसू द्या.

मनमाडजवळ रेल्वेतून अंगठ्यासारखी दिसणारी हडबीची शेंडी किंवा तसा एखादा सुळका चढून दोरावरून उतरणार असाल तर आणखी एक धोका आहे. दोर मांडीला किंवा कमरेला घासत वेगाने गेला की घर्षणाच्या उष्णतेने नायलॉन तिथे वितळते आणि चकाकणारा, कडक पट्टा उमटतो. तो पट्टा धुऊन जात नाही. तिथले धागे एकमेकांना चिकटून ठिसूळ झालेले असतात आणि पुढची फाट तिथूनच जाते. दोर अंगापासून दूर राहील अशी मांडणी करा आणि सावकाश उतरा.

त्याच कारणाने शेकोटीपासून जपायला हवे. दिवाळीत अस्तंभ्याच्या वाटेवर किंवा हिवाळ्यात तोरणमाळला रात्री शेकोटीशिवाय बसवत नाही. सुती कापडावर ठिणगी पडली तर डाग पडतो, क्वचित जळते. नायलॉनवर पडली तर क्षणात आरपार भोक. कापड पेटलेच तर वितळून कातडीला चिकटते आणि ती भाजण्याची जखम साध्या भाजण्यापेक्षा वाईट असते. शेकोटीजवळ वरून सुती शाल किंवा घोंगडी घ्या.

आता कुसळाकडे येऊ. पाऊस संपला की ऑक्टोबरपासून आपली कुरणे पिवळी पडू लागतात आणि कुसळी गवताचे बी पिकते. त्या बियाला एका टोकाला सुईसारखे अणकुचीदार टोक असते, टोकाजवळ मागे वळलेले बारीक केस आणि दुसऱ्या बाजूला पीळ असलेली लांब शेपटी. हवेतला ओलावा वाढला-घटला की शेपटी पीळ खाते आणि सोडते, आणि त्या फिरण्याने टोक मातीत स्क्रूसारखे घुसते. बी पेरण्याची गवताची ही पद्धत आहे. आपल्या पँटला ते मातीच समजते.

विणलेल्या सॉफ्टशेलमध्ये कुसळ दोन धाग्यांच्या मधून शिरते आणि मागे वळलेल्या केसांमुळे अडकून बसते. बाहेरून शेपटी धरून ओढली तर शेपटी तुटते आणि टोक आतच राहते. किंवा केसांबरोबर कापडाचा धागाही बाहेर येतो. अशा ओढल्या गेलेल्या धाग्यांचे छोटे छोटे फास मांडीवर दिसू लागले की समजावे, कुसळ घाईने उपटले आहे.

योग्य रीत अशी. पँट उलटी करा. आत आलेले टोक चिमट्याने धरा आणि ज्या दिशेने ते शिरले त्याच दिशेने पुढे ओढून काढा. केस तेव्हा मिटतात आणि बी शेपटीसकट सुळकन निघते. कंटाळवाणे काम आहे. गप्पा मारत पारावर बसून करण्यासारखे आहे, पण घरी आल्यावर त्याच दिवशी करायला हवे.

कारण धुण्याआधी कुसळ काढले नाही तर पुढचा घोटाळा होतो. पाणी लागले की शेपटी फिरते, वाळताना पुन्हा फिरते, आणि बी कापडात आणखी खोल जाते. वर मशीनमध्ये ते घरातल्या इतर कपड्यांत पसरते. एखाद्याच्या बनियनमध्ये आठ दिवसांनी टोचले की डोंगराचे नाव घरात निघतेच.

काट्यांची गोष्ट थोडी वेगळी. बाभळीचा काटा सरळ असतो. शिरतो आणि सरळ निघतो, मागे बारीक छिद्र राहते. बोरीला मात्र जोडीने काटे असतात, त्यांतला एक बहुधा सरळ आणि दुसरा आकड्यासारखा वळलेला. कापड अडकले की आपण पुढे झटका देतो आणि आकडा धागा तोडतो. अडकल्यावर थांबा, एक पाऊल मागे या, मग सोडवा. घाणेरीच्या झुडपातही हेच करायचे. पाटणादेवीकडून कण्हेरगडाकडे जाताना ज्याच्यात एवढा धीर असतो त्याची पँट दुसऱ्यापेक्षा जास्त टिकते, मग ती कोणत्याही कंपनीची असो.

ऊन मात्र दिसत नाही असे नुकसान करते. उन्हातल्या अतिनील किरणांनी नायलॉनच्या रेणूंच्या लांब साखळ्या तुटतात. कापड फाटलेले दिसत नाही, पण त्याची ताकद कमी होत जाते. रंग उडणे ही त्याची पहिली खूण. जळगाव-भुसावळ भागात एप्रिल-मे महिन्यांत पारा ४५ च्या आसपास जातो, आणि अशा उन्हात गच्चीवरच्या तारेवर पँट सकाळी टाकून संध्याकाळी काढायची आपल्याला सवय असते. नायलॉन आणि इलॅस्टेनचे कापड सावलीतही तासा-दोन तासांत वाळते. उरलेला दिवसभर ते विनाकारण भाजत राहते. गडावरच्या उन्हापेक्षा तारेवरचे ऊन अनेकांच्या पँटने जास्त खाल्लेले असते.

घामाचेही तसेच. घाम वाळला की मिठाचे बारीक कण विणीत राहतात आणि प्रत्येक पावलाला धागे आतून घासतात. अंगाचे तेल, उन्हासाठी लावायचे मलम यांनी इलॅस्टेन कमकुवत होते. डास पळवण्यासाठी लावायच्या काही औषधांत डीट नावाचे रसायन असते. इलॅस्टेनला ते बाधते. ते हाताला लावले असेल तर तोच हात पँटला पुसू नका.

यावरून "कमी धुवावे की जास्त?" असा प्रश्न येतो. फार न धुता कपडे टिकतात असे जुने मत आहे, थंड देशात ते ठीक असेल. आपल्याकडे घाम आणि काळ्या मातीची धूळ इतकी असते की दर फेरीनंतर निदान साध्या पाण्यातून काढावेच. साबण मात्र प्रत्येक वेळी नको.

धुण्याचा क्रम असा ठेवा. कुसळ काढलेले आहे ना पाहा. कोरड्या पँटची धूळ झटका. सगळ्या चेन लावा, चिकटणाऱ्या वेल्क्रोच्या पट्ट्या बंद करा. उघड्या वेल्क्रोचे आकडे कापडाचा पृष्ठभाग ओरबाडतात. पँट उलटी करा. थंड किंवा कोमट पाण्यात सौम्य द्रव साबण थोडासाच घाला. दगडावर आपटू नका, धोपटू नका, ताठ ब्रश चालवू नका. पिळायचे तर अजिबात नाही. ओल्या कापडाला पीळ दिला की आतले इलॅस्टेन ताणून तुटते. टॉवेलमध्ये गुंडाळून दाबा, पाणी निघून जाते.

दोन गोष्टी कधीच घालू नयेत. एक, ब्लीच; त्यातले क्लोरीन इलॅस्टेनला खाते. दोन, कपड्यांना मऊपणा आणि सुगंध देणारे कंडिशनर. त्याचा एक मेणचट थर धाग्यावर बसतो, वीण बुजते, घाम बाहेर जाईनासा होतो आणि पाणी झटकण्याचा गुण जातो. "नवीन असताना पाणी थांबत नव्हते, आता शोषते" या तक्रारीमागे निम्म्या वेळा ही निळी बाटली असते.

आपल्याकडे त्यात जड पाण्याची भर पडते. बऱ्याच गावांत बोअरच्या पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार भरपूर असतात. साध्या वडीच्या साबणाशी त्यांचा संयोग होऊन पांढरट, न विरघळणारा साका तयार होतो आणि तो कापडात बसतो. म्हणून वडी टाळून द्रव साबण वापरा आणि एकाऐवजी तीन वेळा खळबळा. पावसाळ्यात पागोळ्यांचे पाणी बादलीत धरता आले तर शेवटचे खळबळणे त्यात करा. ते पाणी मऊ असते आणि फुकट असते.

आता पाणी झटकणाऱ्या लेपाविषयी. नवीन पँटवर पाणी टाकले तर ते अळवावरच्या पाण्यासारखे गोळा होऊन ओघळते. हा गुण विणीचा नसून धाग्यावर चढवलेल्या रसायनाच्या पातळ लेपाचा असतो. पूर्वी त्यासाठी फ्लोरिनयुक्त रसायने वापरत आणि ती फार काळ टिकत. पण ती निसर्गातही नष्ट होत नाहीत. त्यांतले पीएफओए हे रसायन २०१९ मध्ये स्टॉकहोम करारानुसार निर्मूलनाच्या यादीत गेले. आताचे फ्लोरिनमुक्त लेप निसर्गाला कमी घातक, पण तेल आणि मळ लागला की लवकर हार मानतात. नवीन पँट जुनीपेक्षा लवकर भिजू लागली तर त्यात फसवणूक झाली असे समजू नका.

लेप गेला असे ठरवण्याआधी तो जागवून पाहता येतो. स्वच्छ धुतलेल्या, वाळलेल्या पँटला थोडी ऊब दिली की लेपाचे रेणू पुन्हा ताठ उभे राहतात. आतल्या पट्टीवर इस्त्रीला मनाई नसेल तर मध्ये सुती कापड ठेवून सर्वांत कमी तापमानावर इस्त्री फिरवा. एकाच जागी थांबवू नका. मनाई असेल तर मुळीच करू नका. एवढे करूनही पाणी शोषले जात असेल तर बाजारात फवारायचे किंवा धुताना घालायचे लेप मिळतात. ते स्वच्छ कापडावरच लावायचे. मळावर लावले तर मळ पक्का होतो. आणि खरे सांगायचे तर खानदेशात या लेपाची गरज वर्षातले तीन-चार महिनेच. हिमालयात जाणार नसाल तर त्यावर पैसे घालवण्यापेक्षा दुरुस्तीवर घालवा.

चेनमध्ये आपली काळी माती घुसते आणि चेन उघडबंद करणाऱ्या ओढणीला आतून झिजवते. जुन्या दात घासायच्या ब्रशने दाते साफ करा आणि त्यावर मेणबत्ती फिरवा. चेन लावूनही मागे उघडत असेल तर ओढणी पक्कडीने दोन्ही कडांवर अगदी हलकी दाबा. चेन बदलायच्या बऱ्याच वेळा यानेच टळतात.

दुरुस्तीची खरी वेळ भोक पडण्याच्या आधीची आहे. पँट घालून नव्हे तर हातात घेऊन उजेडासमोर धरा. बुडाची, गुडघ्याची जागा आजूबाजूपेक्षा उजळ दिसत असेल, बोट फिरवल्यावर पातळ लागत असेल किंवा पांढरे बारीक केस वर आलेले दिसत असतील, तर बाहेरचे आवरण झिजले. ठिगळ आता लावायचे. भोक पडल्यावर लावलेल्या ठिगळाच्या कडेला आधीच अशक्त झालेले कापड असते आणि ते पुन्हा तिथेच फाटते.

ठिगळ कशाचे लावावे? जुन्या सॅकचे जाड कापड हाताशी असते आणि तेच लावले जाते. ते ताणत नाही. गुडघा वाकला की भोवतालचे मऊ कापड त्या ताठ कडेवर ओढले जाऊन फाटते. निकालात काढलेल्या दुसऱ्या सॉफ्टशेल पँटचा घोट्याच्या बाहेरच्या बाजूचा तुकडा सर्वांत उत्तम, कारण तो भाग क्वचितच झिजलेला असतो. तो नसेल तर ताणणाऱ्या कापडाचा तुकडा जळगावच्या फुले मार्केटमध्ये किंवा धुळ्याच्या पाचकंदीलला मिळू शकतो. आपल्याकडे कृत्रिम धाग्याचे कापड सुरतेहून येते आणि सुरत-भुसावळ लोहमार्गाने ते जवळच आहे.

शिंप्याकडे गेल्यावर चार गोष्टी सांगून या. ठिगळाचे कोपरे गोल करा, टोकदार कोपरा आधी उचकटतो. टाका सरळ नको, नागमोडी घ्या, म्हणजे कापड ताणले तरी धागा तुटत नाही. दोरा पॉलिएस्टरचा हवा. सुती दोरा घामाने कुजतो. सुई बारीक आणि नवी असू द्या, बोथट सुई इलॅस्टेनचे धागे तोडत जाते. मास्तर म्हणतील, "इतकं कोण सांगतं?" सांगा. आणि रफूचा आग्रह धरू नका. रफू लोकरीला आणि सुताला शोभते. ताणणाऱ्या कापडावर ते पहिल्याच उकिडव्या बसण्यात सुटते.

डोंगरावर असतानाच फाटले तर चिकटणारे नायलॉनचे ठिगळ उपयोगी पडते. जागा स्पिरिटने पुसून कोरडी करा, कोपरे गोल कापा, आतून एक आणि बाहेरून एक लावा, तळहाताने दाबून गरम करा. घरी आल्यावर एक दिवस तरी धुऊ नका. काट्याच्या बारीक छिद्राला एवढे कायमचे पुरते. बुडाच्या फाटीला ते तात्पुरतेच.

ठेवण्याबद्दल थोडेच. पूर्ण वाळल्याशिवाय कपाटात ठेवू नका, घडी घट्ट दाबू नका आणि पत्र्याच्या छताखालच्या माळ्यावर ट्रंकेत तर नकोच. उन्हाळ्यात तिथे साचणारी उष्णता इलॅस्टेनला दुबळे करते आणि चिकटवलेल्या जाकिटाचा पडदा पावसाळ्यातल्या दमट हवेत सुटायला लागतो.

आणि एक वेळ येते, जेव्हा ठिगळानेही भागत नाही. गुडघ्याला राहिलेला फुगा धुतल्यावरही जात नसेल, कापड ताणल्यावर आत तुटक्या रबरासारखी बारीक पांढरी टोके दिसत असतील, तर इलॅस्टेन मेले. याला उपाय नाही. अंगठ्यांनी दोन बाजूंना ओढल्यावर कापड कागदासारखे टरकत असेल तर उन्हाने नायलॉन मेले. अशी पँट कातळावर नेऊ नका. शेतात, बागेत, गाडी धुताना वापरा आणि घोट्याच्या बाहेरच्या बाजूचे चांगले तुकडे पुढच्या ठिगळांसाठी कापून ठेवा.

आता सल्ला विचाराल तर असा. खानदेशात राहून गडकिल्ले चढणाऱ्याने आधी पँट घ्यावी, जाकीट नंतर, आणि पुष्कळांनी जाकीट न घेतले तरी चालेल. पँट विणीची, नायलॉनची, दोनशे जीएसएमच्या आसपास, इलॅस्टेन दहा टक्क्यांच्या आत, फिक्या रंगाची. फिक्या रंगावर कुसळ दिसते आणि उन्हात ती कमी तापते. थंडीच्या लाटेत धुळ्याचा पारा दहाच्या खाली जातो तेव्हा किंवा तोरणमाळच्या पठारावर जाकिटाचा उपयोग होतो. तेही विणीचे घ्या, डकवलेले नको. मे महिन्यात पहाटे लळिंग चढून नऊला खाली येणार असाल तर हे सगळे घरी ठेवा. त्या दिवशी आपला सैल, लांब बाह्यांचा सुती सदरा आणि सुती पँट यांच्यापुढे कोणतेही सॉफ्टशेल उभे राहत नाही.